तिसरीचा वर्ग लावताना

जुलै संपत आला की दुकानांतून वह्या-पेन्सिलींचे डोंगर उभे राहतात आणि आपल्या घराघरांतून एकच प्रश्न सुरू होतो : "यंदा टीचर कोण मिळणार?" शाळेचे पत्र येईपर्यंत मुलांना दम नसतो आणि पत्र आले की फोनाफोनी. तुमच्याकडे कोण? अमक्या बाई कडक आहेत म्हणे. तमक्या खूप होमवर्क देतात म्हणे (हे आपण तक्रारीने नव्हे, कौतुकाने बोलतो!). पण त्याच पंधरवड्यात बंद शाळेच्या आत ती अमकी किंवा तमकी बाई काय करीत असते, याचा पत्ता आपल्यापैकी फार थोड्यांना असतो. संपादकांनी "तुमच्या शाळेविषयी काहीतरी लिहा" असा लकडा लावला तेव्हा ठरवले की याच पंधरवड्याविषयी लिहावे. शिकागोच्या एका उपनगरातल्या पब्लिक स्कूलमध्ये मी बरीच वर्षे तिसरीला शिकवते आहे. तेव्हा जे लिहिते ते पुस्तकातले नाही, हाताने केलेले आहे.

मुलांची सुट्टी लागली की कस्टोडियन मंडळी वर्गातले सगळे सामान एका बाजूला ओढून फरशी घासतात आणि वॅक्स करतात. ऑगस्टमध्ये दार उघडावे तर फरशी आरशासारखी लखलखीत, आणि टेबले, खुर्च्या, कपाटे, पुस्तकांचे क्रेट एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेले. घर बदलताना यू-हॉलचा ट्रक भरतो ना, अगदी तसे. भिंती उघड्या. कुठेतरी मागच्या वर्षीचा एखादा स्टेपल चिकटून राहिलेला. इथून चोवीस मुलांचा वर्ग उभा करायचा. मुले येण्याआधी एक-दोन दिवस पगारी असतात, त्यांना इलिनॉयमध्ये "इन्स्टिट्यूट डे" म्हणतात. पण ते बहुतेक मीटिंगांतच जातात. वर्ग लावायचे काम शिक्षक आपल्या सुट्टीतच करतात. कोणी नवऱ्याला कामाला लावते, कोणी मुलांना, कोणी दोघांनाही.

पहिले काम फर्निचरचे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. फळ्याकडे कोणाची पाठ होता कामा नये. पेन्सिल शार्पनर दाराशी ठेवला तर दिवसभर तिथे लग्नाच्या पंगतीसारखी रांग. गालिचा असा टाकायचा की चोवीसही मुले मांडी घालून बसतील आणि मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागणार नाहीत. शिक्षकाच्या समोर पाच-सहा मुले बसवायचे ते अर्धगोल टेबल (त्याला सगळे "किडनी टेबल" म्हणतात, काजूच्या आकाराचे असते) असे लावायचे की तिथे बसूनही उरलेला सगळा वर्ग नजरेच्या टप्प्यात राहील. खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिस बॉल चिरून बसवायचे, नाहीतर दिवसभर कर्रर्र. हे सगळे झाल्यावर मग भिंतींकडे वळायचे. "थीम" नावाची गोष्ट इथे सुरू होते.

आपण ज्या शाळांतून शिकलो तिथे भिंतीवर एक फळा, एक भारताचा नकाशा, महात्मा गांधी आणि दाराशेजारी रोज बदलायचा सुविचार एवढेच असे. इकडच्या प्राथमिक वर्गात पूर्ण खोली एका कल्पनेत बसवायची पद्धत आहे. कोणाचा वर्ग समुद्र, कोणाचा अवकाश, कोणाचा जंगल, कोणाचा कॅम्पिंगचा तंबू. बुलेटिन बोर्डाच्या कडेची पट्टी, वाढदिवसांचा तक्ता, कामांच्या वाटणीचा तक्ता, दारावरची नावे, सगळे एकाच रंगात आणि एकाच चित्रात. टीचर्स स्टोअरमध्ये याचे तयार संच मिळतात. पैसे टाकले की तासाभरात वर्गात समुद्र! मासेही पुठ्ठ्याचे आणि लाटाही.

हे पैसे कोणाचे? बहुतेक वेळा शिक्षकाचेच. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१४-१५ या शालेय वर्षाविषयी पाहणी केली, तेव्हा पब्लिक स्कूलच्या ९४ टक्के शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून वर्गासाठी खर्च केला होता. अशा प्रत्येकाचा सरासरी खर्च ४७९ डॉलर. इन्कम टॅक्समध्ये शिक्षकांना या खर्चाची सूट मिळू लागली ती २००२ साली, २५० डॉलरपर्यंत. पुढची वीस वर्षे ती तेवढीच राहिली आणि २०२२ मध्ये ३०० झाली. तेव्हा पुढच्या वेळी ओपन हाउसला जाऊन "वा, काय सुंदर सजवला आहे वर्ग!" असे म्हणाल, तेव्हा एवढे ध्यानात असू द्या की ती सजावट बहुधा शाळेने केलेली नाही.

आता माझे मत. तयार पुठ्ठ्याच्या थीमवर माझा विश्वास नाही, आणि हे मी कंजूषपणाने म्हणत नाही. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या फिशर, गॉडविन आणि सेल्टमन या तिघांनी बालवाडीच्या चोवीस मुलांवर एक प्रयोग केला. काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत दिले, काही उघड्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ भलतीकडे होते, उघड्या खोलीत २८ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे सजवलेल्या खोलीत ४२ टक्के आली, उघड्या खोलीत ५५ टक्के. मुले फक्त चोवीस होती आणि धडे सहाच, तेव्हा यावरून भिंती पांढऱ्या ठेवा असा फतवा काढता येत नाही, आणि खुद्द त्या संशोधकांनीही तो काढलेला नाही. पण फळ्याभोवतीची भिंत मी तेव्हापासून रिकामी ठेवते. मुलांचे तोंड जिकडे असते तिकडे माझ्या बोलण्याशी स्पर्धा करणारे काही नको.

शिवाय आगीचे नियम आहेतच. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची संहिता पुष्कळ ठिकाणी लागू आहे. तिच्यानुसार ज्या इमारतीत सगळीकडे स्प्रिंकलर नाहीत तिथे भिंतीच्या २० टक्क्यांहून जास्त भाग कागदाने झाकता येत नाही, आणि जिथे आहेत तिथे ५० टक्के. फायर मार्शल तपासणीला आले की छतापासून लोंबणारे सगळे सूर्य-चंद्र खाली उतरतात. त्यामुळे सप्टेंबरात वर्गाच्या भिंती अर्ध्या रिकाम्या दिसल्या तर "बाई आळशी दिसतात" असा निष्कर्ष कृपया काढू नका!

मग माझी थीम कोणती? गेली काही वर्षे एकच : मोनार्क फुलपाखरू. नारिंगी पंखांवर काळ्या रेघा असलेले ते मोठे फुलपाखरू आपल्या सगळ्यांच्या बॅकयार्डमध्ये येते. ते इलिनॉयचे राज्य-कीटक आहे. १९७४ साली डिकेटर गावातल्या तिसरीच्या मुलांनी ते सुचवले आणि १९७५ मध्ये राज्याने कायदा करून ते मान्य केले. तिसरीच्या मुलांनी! हे सांगितले की माझी तिसरी पहिल्याच दिवशी दोन इंच उंच होते.

पण निवडीचे खरे कारण वेळापत्रक. आमची शाळा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. नेमके तेव्हाच रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत मिल्कवीडच्या पानाखाली मोनार्कची अंडी आणि अळ्या सापडतात. बहुधा एका पानाखाली एकच अंडे, टाचणीच्या डोक्याएवढे. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, दहा ते चौदा दिवस नुसती खाते, मग कोश करते. हिरवागार कोश, वर सोनेरी ठिपके; पैठणीच्या काठावर शोभतील असे. आणखी दहा ते चौदा दिवसांनी फुलपाखरू. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या मुलांसमोर महिन्याभरात सगळे जीवनचक्र पुरे होते. तिसरीच्या विज्ञानात सजीवांची जीवनचक्रे आहेतच. या थीमची मुख्य वस्तू विकत घ्यावी लागत नाही. बादली घेऊन पहाटे फिरायला गेले की झाले.

म्हणून ऑगस्टमध्ये मी लावते ते फार थोडे. खिडकीपाशी एका टेबलावर जाळीची पेटी. मागच्या भिंतीवर उत्तर अमेरिकेचा मोठा नकाशा, आणि त्यावर आमच्या गावापासून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत ताणलेला एक लाल दोरा. शेजारी कोरा निळा कागद लावलेला एक बोर्ड. त्यावर पहिल्या दिवशी काहीही नसते. अंडे सापडले की एक मूल अंड्याचे चित्र काढून लावते, अळी झाली की दुसरे. शब्दांची भिंतही पहिल्या दिवशी रिकामीच. मुलांनी वापरलेला शब्दच तिथे चढतो. पट्टीने अळीची लांबी रोज पाव इंचापर्यंत मोजायची आणि तक्त्यावर लिहायची, हे गणितात बसते. अळ्यांना ताजी पाने घालायचे काम आठवड्याला दोघांकडे असते, आणि या जागेसाठी वर्गात जेवढी चढाओढ होते तेवढी मी आपल्या मंडळाच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही.

दोन सूचना. मिल्कवीडचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून हात धुतल्याशिवाय पेटीपाशी कोणी फिरकायचे नाही. आणि अळ्या थोड्याच आणायच्या, पाच-सहा. दाटीवाटीने पाळल्या की त्यांच्यात रोग पसरतो आणि तोच पुढे रानातल्या फुलपाखरांत जातो. मोनार्कची संख्या आधीच इतकी घटली आहे की डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने त्याला "थ्रेटन्ड" यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. पेटी दर दिवशी स्वच्छ करणे हेही कोणाचेतरी काम असते. त्याला मात्र चढाओढ नसते.

दोन वर्षांपूर्वी या तयारीत मला एक मदतनीस मिळाल्या. आपल्या मंडळातल्याच एका कुटुंबातल्या आजी, सांगलीकडच्या, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. सून-मुलगा कामावर, नातू समर कॅम्पला, टीव्हीचा कंटाळा आलेला. त्यांच्या सुनेने विचारले, "ताई, आईंना काही काम देता का? हात रिकामे राहिले की त्यांना करमत नाही." मी लॅमिनेट केलेल्या कागदांचा गठ्ठा त्यांच्याकडे पाठवला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : लॅमिनेटरमधून नावांच्या पट्ट्या, अंक, पाने सगळे एका लांबलचक प्लास्टिकच्या पट्ट्यात बाहेर येते आणि प्रत्येक तुकडा कडेला थोडे प्लास्टिक ठेवून हाताने कापावा लागतो. शेकडो तुकडे. माझ्या घरी हे काम टीव्हीसमोर रडतखडत चार रात्री चालते. आजींनी दोन दुपारींत उरकले, आणि कापणी अशी की एकही कड वाकडी नाही. साठ वर्षे शंकरपाळे कापणाऱ्या हाताला आणखी काय अवघड!

कागद परत द्यायला त्या सुनेबरोबर शाळेत आल्या. पेटीतल्या पानांकडे पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या रुईची बहीण!" मी म्हटले, "आजी, ही मिल्कवीड." त्यांनी एका पानाचा देठ मोडला, पांढरा चीक बोटावर घेतला आणि मला दाखवला. "शनिवारी मारुतीला माळ घालतो ती रुई. चीक बघ की. आमच्या बांधावरच्या रुईवर अशाच पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या असतात."

आजींचे म्हणणे शंभर टक्के खरे. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातल्या वनस्पती. महाराष्ट्रात रुईवर वाढणारे "प्लेन टायगर" हे फुलपाखरू मोनार्कचे जवळचे नातलग, दोघांचे शास्त्रीय नाव एकाच शब्दाने सुरू होते : डॅनस. दोन्ही अळ्या चिकातले विष अंगात साठवतात म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. फरक ओळखायचा तर शिंगे मोजा. मोनार्कच्या अळीला शिंगांसारख्या तंतूंच्या दोन जोड्या, एक पुढे आणि एक मागे. आपल्या रुईवरच्या अळीला तीन.

शाळा सुरू झाल्यावर आजी रीतसर पाहुण्या म्हणून एक तासभर वर्गात आल्या. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता. तो एरवी शाळेत मराठीचा शब्द काढत नसे. कोणी घरच्या भाषेविषयी विचारले तर "इंडियन" एवढेच सांगून मोकळा होई. त्या दिवशी त्याला दुभाष्याचे काम करावे लागले. आजींनी त्याला मध्येच थांबवले, कारण तो "सुरवंट" म्हणाला. "सुरवंट केसाळ असतो रे. अंगाला लागला की खाजवतो. ही गुळगुळीत आहे, ही अळी." आता हे इंग्रजीत कसे सांगायचे? दोन्हींना एकच शब्द! तो अडखळला, मग फळ्याशी गेला आणि दोन चित्रे काढली, एक केसाळ आणि एक गुळगुळीत, आणि दोन्हींखाली मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले. मिचोआकानहून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलीने लगेच हात वर करून "ओरुगा" आणि "मारिपोसा" लिहिले. शब्दांच्या भिंतीवर त्या वर्षी पहिल्यांदा चढलेले शब्द ते. जूनपर्यंत राहिले.

आजींची ती बोटावरची चिकाची परीक्षा पाहताना मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली; "अंगणवाडी" हा शब्द तिथला. आमच्या कॉलेजात बालशिक्षणाच्या तासाला इटलीतल्या रेज्जो एमिलियाचे नाव आदराने घेतले जाते, आणि घ्यायलाच हवे. पण कोसबाडचे नाव मी तिथे एकदाही ऐकले नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या विषयाकडे येते : नावे.

ऑगस्टच्या मध्यावर शिक्षकाच्या हाती वर्गाची यादी पडते. आडनाव, नाव, जन्मतारीख. त्या यादीवरून तो नावे छापतो, लॅमिनेट करतो, कापतो. एका मुलाचे नाव किती ठिकाणी लागते ते मी एकदा मोजले : टेबलावर, दप्तर ठेवायच्या कप्प्यावर, घरी न्यायच्या कागदांच्या खणावर, दारावर, वाढदिवसाच्या तक्त्यावर, कामांच्या तक्त्यावर, पुस्तकांच्या पिशवीवर आणि बसच्या पट्टीवर. आठ ठिकाणी. आणि हे सगळे तुमच्या मुलाला एकदाही न पाहता, त्याचे नाव एकदाही न ऐकता झालेले असते. पहिल्या दिवशी बाई जसे वाचतील तसे ते वर्षभर राहते, कारण आठ वर्षांचे मूल बाईंना "तुम्ही चुकता" असे सहसा म्हणत नाही. आपले मूल तर मुळीच नाही. "टीचरना उलट बोलायचे नाही" हे आपणच शिकवलेले असते.

आमच्या शेजारच्या वर्गात एक ओजस होता. या भागात स्पॅनिश बोलणारी मुले पुष्कळ, आणि स्पॅनिशमध्ये "ज"चा उच्चार "ह" होतो. पहिल्या दिवशी तो "ओहास" झाला. त्याला वाटले, इंग्रजीत आपले नाव असेच असणार. नोव्हेंबरच्या पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला त्याचे आई-वडील आले आणि बाई "ओहास"चे गुणगान करू लागल्या, तेव्हा त्या दोघांना आधी वाटले की बाईंनी दुसऱ्याच मुलाची फाइल काढली आहे! हसण्यासारखे आहे खरे. पण तो मुलगा तीन महिने रोज सहा तास दुसऱ्याच नावाने वावरला, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलला नाही.

यावर उपाय फार सोपा आहे आणि तो ऑगस्टमध्येच करायचा. टीचरचे नाव कळले की त्याच आठवड्यात दोन ओळींची ई-मेल टाका किंवा शाळेच्या ऑफिसात चिठ्ठी ठेवा. उच्चार इंग्रजी शब्दांच्या आधाराने सांगा. मिहिर म्हणजे "मी" आणि "हियर" (हजेरीचे उत्तर नावातच!). ओजसचा "जस" म्हणजे "जस्ट"मधला शेवटचा "ट" काढून. अद्वैतचा "वैत" हा "व्हाइट"च्या जवळचा, "वेट"च्या नव्हे. नाहीतर पोराला जन्मभर थांबावे लागेल. ज्ञानदा किंवा ज्ञानेश या नावांची तर फारच दैना होते, कारण "ज्ञ"साठी आपण मराठी माणसे जी तीन रोमन अक्षरे लिहितो ती पाहून अमेरिकन माणूस सुरुवातीलाच कोसळतो. त्यांना सांगा, पहिल्या अक्षराकडे दुर्लक्ष करा आणि "न्यानदा" म्हणा. एवढी सूट आजीही देईल.

"सोपे पडावे म्हणून आम्हीच त्याला शाळेत ओ. जे. म्हणायला सांगतो," असे सांगणारे पालकही मला भेटतात. त्यांचा प्रश्न. मूल स्वतः मागत असेल तर मी वाद घालत नाही. पण शिक्षकाला अवघड जाईल या काळजीने आपण आधीच माघार घ्यायचे काही कारण नाही. जो शिक्षक तिसरीच्या मुलांना "मेटामॉर्फोसिस" म्हणायला शिकवतो त्याला "मुक्ता" जड नाही.

त्याच चिठ्ठीत आणखी तीन गोष्टी लिहा. एक, जन्मतारखेचा महिना अक्षरांनी लिहा. फॉर्मवर आपल्या सवयीने आधी दिवस आणि मग महिना घातला की सात एप्रिलचा मुलगा वाढदिवसाच्या तक्त्यावर चार जुलैला जाऊन बसतो, शाळेच्या सुट्टीत. दोन, मधले नाव वडिलांचे आहे, त्या नावाने हाक मारू नये. तीन, घरी शाकाहार असेल तर तो स्पष्ट लिहा. शिक्षकाला "व्हेजिटेरियन" म्हणजे हॅमबर्गर नको एवढेच कळते. कॅम्पिंगच्या थीमच्या वर्गात पहिल्या शुक्रवारी स्मोअर्स करतात, आणि त्यातल्या मार्शमेलोत जिलेटिन असते. बाईंना ते माहीत असले तर त्या वेगळे आणतात; कोणी आडमुठेपणा करत नाही.

सामानाच्या यादीविषयीही दरवर्षी कुरकूर ऐकू येते. "आम्ही चांगल्या प्रतीच्या पेन्सिली घेतल्या, प्रत्येकीवर नाव घातले, आणि बाईंनी सगळ्या एका डब्यात ओतल्या!" हो, पुष्कळ वर्गांत ओततात. चोवीस मुलांपैकी दोघा-तिघांच्या घरून काहीच येत नाही, आणि ते कोण हे इतर मुलांना कळू नये म्हणून डबा सगळ्यांचा. यादीत "कम्युनिटी सप्लाय" असे लिहिले असेल तर नाव घालायची मेहनत करू नका. आणि टिश्यूचे डबे, झिपलॉकच्या पिशव्या, व्हाइटबोर्डचे मार्कर जेवढे मागितले तेवढे जरूर द्या. ते जानेवारीत संपतात आणि तिथून पुढे बाईंच्या पर्समधून येतात.

ओपन हाउसला मुलाला घेऊन जा. अर्धा तास गणिताच्या अभ्यासक्रमाची चौकशी करण्यात घालवू नका, त्यासाठी वर्ष पडले आहे. मुलाला त्याचा कप्पा शोधू द्या, टेबल शोधू द्या, बाथरूम कुठे ते पाहू द्या. घरी आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही न्या. आणि बाईंना विचारा, "कापायचे काही आहे का?" या प्रश्नाला अजून कोणत्याही शिक्षकाने नाही म्हटलेले मी ऐकलेले नाही.

आमची फुलपाखरे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोशातून बाहेर येतात, बहुधा सकाळीच, गणिताच्या तासाला. तो तास मग सोडून द्यावा लागतो. पंख वाळायला काही तास लागतात. दुपारी ऊन असेल आणि साठ अंश फॅरनहाइटच्या वर हवा असेल तर मैदानावर नेऊन सोडतो. कॅन्सस विद्यापीठाचा "मोनार्क वॉच" नावाचा उपक्रम १९९२ पासून चालू आहे. त्यांच्याकडून मिळणारी बारीक गोल चिकटपट्टी आम्ही मागच्या पंखावर लावतो, क्रमांक वहीत लिहितो. तिथून ते दीड हजार मैलांहून जास्त अंतर उडत मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल नावाच्या फरच्या झाडांवर जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिकडे मृतांचा सण असतो तेव्हा, पोचतात. त्यांचा हा मुक्काम बाहेरच्या शास्त्रज्ञांना १९७५ साली कळला, तिथल्या गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. उन्हाळ्यात इकडे परत येतात ती ही फुलपाखरे नव्हेत, त्यांची नातवंडे-पणतवंडे. मुले विचारतात, मग त्यांना रस्ता कोण सांगतो? मी सांगते, हे अजून पुरते कोणालाच कळलेले नाही, तुम्ही मोठे होऊन शोधा. (आपल्याशी तुलना करायचा मोह होतो, पण तो मी आवरते. गणपतीच्या स्मरणिकेत त्यावर दरवर्षी एक कविता येतेच.)

ऑक्टोबरात मिल्कवीडच्या शेंगा तडकतात. आमची मुले बिया काढतात, त्यांचा कापूस उडवतात आणि पाकिटे भरतात. या बियांना थंडी लागल्याशिवाय त्या उगवत नाहीत, म्हणून पेरायच्या त्या हिवाळ्याच्या तोंडावर : नोव्हेंबरात, उन्हाच्या जागी, पाव इंच खोल, वर पाणी घालायचीही गरज नाही. बाकीचे काम बर्फ करतो. यंदाची पाकिटे मी दिवाळीच्या कार्यक्रमाला चहाच्या टेबलाशेजारी ठेवीन. ज्यांना बॅकयार्ड आहे त्यांनी एकेक न्यावे. ज्या घरी आजी आलेल्या आहेत त्यांनी दोन न्यावीत.